दोन्ही काठांचा भोंगा

माय, काल रामदासपेठेतल्या एका एसी ऑफिसात मी मोठं काम नाकारून आलो, आणि पश्चात्ताप म्हणशील तर शून्य. तू होतीस तेव्हा मी दुसऱ्याच्या वेल्डिंगच्या दुकानात राबायचो. आता बुटीबोरीत माझा स्वतःचा कारखाना आहे. डोंगराच्या भेगेवर बसवायची यंत्रं आम्ही बनवतो. भेग रुंदावली की तार ताणली जाते, तार ताणली की खाली गावात भोंगा वाजतो आणि माणसं पळतात. नागपुरात डोंगर कुठला म्हणून हसू नकोस. कुलपं बनवणारा काही चोर नसतो.

यावेळचा डोंगर हिमालयातला. पायथ्याशी नदी, अलीकडे आपलं गाव, पलीकडे नेपाळचं. दरड नदीत पडली तर पाणी तुंबणार आणि दोन्ही गावांत शिरणार. आपल्याकडच्या एक भूगर्भशास्त्रज्ञ बाई आणि तिकडच्या एक, दोघींनी मिळून ती भेग कितीतरी वर्षं मोजली, एकमेकींपासून काही लपवलं नाही, आणि आराखडा केला: भेग हलली की भोंगा दोन्ही काठांवर एकदमच. काल कंत्राटदार कंपनीच्या साहेबांनी त्यात एक बटण घुसवलं. म्हणाले, "पलीकडचा भोंगा आपल्या ऑफिसनं खात्री केल्यावर वाजेल. दुसऱ्या देशाचा मामला आहे. खोटा वाजला तर नाचक्की आपली."

पलीकडच्या बाई पडद्यावर होत्या, त्या गावातूनच बोलत होत्या. आपल्या बाईंनी त्यांना हे हिंदीत सांगितलं. सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघत होते, माझे कान मात्र पडद्यात शिरलेले. तिकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी बकरी हाकलत होतं, आणि त्या बाई अगदी हळू, स्वतःशीच म्हणाल्या, "मतलब हमें बाद में भागना है."

तेवढ्यात मला आपलं भिवापूरचं स्वयंपाकघर दिसलं. तू चुलीवर तवा ठेवतेस, मिरच्यांची टोपली जवळ ओढतेस. भिंतीपलीकडे काकू. शेताच्या हद्दीवरच्या धुऱ्यावरून तुमचं असं बिनसलेलं, की हळदीकुंकवालाही एकमेकींचा उंबरा वर्ज्य. पण तव्यावर मिरची पडायच्या आधी तू मुसळानं भिंत ठोकतेस आणि ओरडतेस, "मिरच्या भाजून राहिली वं! लेकरं आत घे!" पलीकडून उत्तर येतं, "भाज, भाज! ठसका लागला तं तुह्याच नावानं खोकलीन!" मी एकदा विचारलं, "माय, तू तिच्यासंग बोलत नाहीस, मंग सांगतं काहून?" तू उलथनं माझ्यावर रोखलंस. "भांडण धुऱ्याचं हाय, लेकराईच्या डोयाईचं नाही. आंधी हाक, मंग मिरची."

मी साहेबांना म्हणालो, "बटण बसणार नाही."

"तुम्ही फॅब्रिकेटर आहात हो. पॉलिसी आमची."

"पॉलिसी तुमची, साहेब. पण डोंगर पडताना तुमच्या ऑफिसात फोन करणार आहे का?"

आपल्या बाईंना हसू फुटलं. मग त्या सरळ बसून म्हणाल्या, "बटण राहणार असेल तर आराखड्यावरची माझी सही काढून टाका." पडद्यावरून आवाज आला, "मेरी भी." साहेब लाल झाले. त्यांचा राग त्या दोघींवर निघेना, तो माझ्यावर निघाला. "दोन्हीकडे एकदमच, असा नियम आहे कुठे?"

"आमच्या कारखान्याचा आहे. जुना आहे. पटत नसेल तर यंत्र दुसऱ्याकडून करून घ्या," असं म्हणून मी उठलो.

आज सकाळी निरोप आला, ते दुसरा बनवणारा शोधतायत. शोधा म्हणावं. त्या दोघी आराखडा जसाच्या तसा पुन्हा आपापल्या सरकारांपुढे मांडणार आहेत. मंजुरी कधी मिळेल देव जाणे, पण माझं यंत्र तयार राहील. दुपारी आवारात दोन टोकांना दोन भोंगे टांगले. माझा फोरमन म्हणाला, "दादा, काम तं गेलं, मंग हे कोणासाठी वाजवून राहिलो गा आपण?" म्हटलं, "ज्याले पळायचं हाय त्याच्यासाठी. ओढ तार." दोन्ही एकदम असे बोंबलले, की शेजारच्या कारखान्याचा चौकीदार शिव्या देत फाटकावर आला. त्याला चहा पाजला. चहा पिऊनही शिव्या देतच गेला.

हे पत्र मी टाकणार कुठे, आणि तुला वाचून दाखवणार कोण. पण एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही, ती तुला सांगतो. साहेबांनी नियम विचारला तेव्हा तुझा नियम मी कारखान्याच्या नावावर खपवला. काम जाण्याची भीती नव्हती, माय. तुझ्या मिरच्यांवर ते हसतील, याची होती.