नदीचा निवाडा नेमका कोणाचा

मी, ऑर्लँडो थेयर विलकॉक्स, वय एकोणऐंशी, माजी न्यायाधीश व माजी राजदूत, राहणार डनमोर हॉलो, व्हरमाँट, डोकं ताळ्यावर असताना, कोणाच्याही भरीस न पडता हे मृत्युपत्र करतो. डोक्याबद्दल ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन वाद घालावा. मी अजून जिवंत आहे.

कलम एक. राहतं घर आणि मेपलची राई माझी मुलगी फिलेना हिला. आठ वर्षं परदेशात तिने माझा दूतावास सांभाळला, तोही माझा स्वभाव सांभाळून.

कलम दोन. कायद्याची पुस्तकं परगण्याच्या कोर्टाला. बावीस वर्षं मी तिथे मधल्या खुर्चीत बसलो. वरच्या कोर्टाने माझे फक्त चार निकाल फिरवले, त्यांतले तीन चुकून.

कलम तीन. पुतण्या लायमन याला माझी काठी. "काका, आता तुम्हाला कोण ओळखतंय?" असं तो भर पंगतीत म्हणाला होता. गावात काठी घेऊन फिर बाळा, मग कळेल.

कलम चार. सोन्याचं पदक असाहेल बिंगहॅम यांना. आता कारण ऐका.

आमच्याकडे मधल्या न्यायाधीशाच्या दोन्ही बाजूंना लोकांनी निवडलेले दोन साधे गृहस्थ बसतात. कायदा त्यांना येत नाही. पण काय घडलं, काय नाही, यावर दोघं मिळून मधल्याला हरवू शकतात. असाहेल माझ्या डाव्या बाजूला बसे. धंदा गाईंचा. १८७४ साली दोन शेजाऱ्यांच्या हद्दीचा खटला आला. खरेदीखतात हद्द ओढ्याची. मी म्हटलं, ओढा आहे तिथे हद्द, संपलं. असाहेल मात्र चिखल तुडवत जागेवर जाऊन आला. ओढ्यापलीकडच्या मेपलच्या झाडांवर रस काढायला पाडलेल्या भोकांच्या जुन्या खुणा त्याने पाहिल्या, आणि ती भोकं चाळीस वर्षं कोण पाडत होतं ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं. पुरात ओढाच सरकला होता, खरी हद्द जुन्या पात्राची. उजव्या बाजूच्यालाही ते पटलं आणि दोघांनी मिळून मला हरवलं.

मी भर कोर्टात म्हणालो, "आता न्याय गोठ्यातून येणार तर!"

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कागद तुम्ही वाचलात. झाडं कोणी वाचायची?"

त्या दिवसापासून तो समोरच्याच घरात राहून माझ्या घोड्याला रामराम करतो, मला नाही.

पुढे मी राजदूत झालो. दोन देश एका नदीवरून तलवारी उपसून बसले होते आणि निवाडा माझ्याकडे आला. मी नकाशे गुंडाळले, खेचरावर बसून अकरा दिवस नदीकाठ धुंडाळला आणि गुराख्यांना विचारलं, तुमचे आजे गुरं कुठे चारत? निवाडा दोघांनीही मानला. एक गोळी सुटली नाही. याचा मला अभिमान आहे, मरेपर्यंत राहील. पण मेजवानीत हेच पदक गळ्यात पडलं तेव्हा मी म्हणालो, "ही माझी स्वतःची पद्धत." ते खोटं होतं. पद्धत असाहेलची होती. मला लाज वाटते. ओढ्याच्या खटल्यात तोच बरोबर होता, हे तोंडाने सांगायला बत्तीस वर्षं पुरली नाहीत, म्हणून सगळं लिहून देतो.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. आमच्या कायद्याला तीन साक्षीदार लागतात. तिसरे, शाळेचे मास्तर, एप्रिलच्या चिखलात गाडीसकट रुतले. चालत येऊ शकेल असा एकच माणूस. फिलेना मला न विचारता त्याला घेऊन आली. असाहेल बुटांच्या चिखलासकट माझ्या गालिच्यावर उभा राहिला. मी त्याला चौथं कलम वाचून दाखवलं.

"आणि ऐक," मी म्हणालो, "साक्षीदाराला वारसा मिळत नाही. सही केलीस तर पदक गेलं. मास्तर उद्या येतील, थांबू आपण."

"पदक काय गाईच्या गळ्यात बांधू?" तो म्हणाला. "सरक, ऑर्लँडो. लेखणी दे."

सबब चौथ्या कलमातलं पदक फिलेनाकडे जाईल. कबुली मात्र कायम.

डनमोर हॉलो, १९ एप्रिल १९०६.
(सही) ऑर्लँडो थेयर विलकॉक्स

आमच्या समक्ष सही झाली:
सायरस नॉट, डॉक्टर
हायरम कोल्बी, गावचे कारकून
असाहेल बिंगहॅम, डाव्या बाजूचा. चौथं कलम वाचलं. घडलं ते असंच घडलं. मधल्याशी सहमत.