तुझ्या किडनीवर घेतलेला आळ

पुसेगावजवळचा तांडा, सोमवार

बाई (थोरली बहीण म्हणून हात जोडून, अन् किडनी दिलीस म्हणून पायावर डोकं ठेवून),

तुझी तब्येत कशी आहे? हट्ट्याला सगळे खुशाल? तुझी किडनी दीड वर्षापासून इथं मजेत आहे, रोज तीन लिटर पाणी घेते. फोन सोडून पत्र काहून, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, म्हणून.

तर दिवाळीनंतर माझ्या डाव्या गालावर गोल चट्टा उठला. खाज अशी, की तांड्याच्या बैठकीत मी सारखा गाल चोळून राहिलो अन् हरिचंदकाकांना वाटलं, मी त्यांच्या बोलण्यावर विचार करून राहिलो. चट्टा गळ्यापर्यंत उतरला. गजकर्ण. (तुला लहानपणी मानेवर व्हतं, आठवतं?) मी बराबर अंदाज बांधला: किडनी तुझी, तर गजकर्णही तुझंच, सोबत आलं असणार. सुनिताला तसं सांगितलं. ती म्हणाली, बाईंची किडनी आल्यापासून तुमचा राग वाढला हे खरं, पण गजकर्णाचं त्यांच्यावर ढकलू नका. (बायको माझी, बाजू तुझी.)

मग मेडिकलवरून मलम आणलं. खाज गेली, चट्टा दुप्पट झाला. मग तिथूनच कॅप्सूल आणल्या, कोणाला न विचारता. चार दिवसांत हात थरथरायला लागले, अन् नांदेडला तपासलं तर किडनीचा आकडा, ते क्रिएटिनिन, वर गेलेलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या न्हाईत, हळू बोलल्या, म्हणून मी जास्त भ्यालो. त्या म्हणाल्या, बहिणीची किडनी परकी समजून शरीरानं हाकलू नये, म्हणून ज्या गोळ्या मी घेतो, त्या अंगातल्या पहारेकऱ्यालाच झोपवतात. तेवढ्यात गजकर्णाच्या बुरशीला रान मोकळं. अन् ती कॅप्सूल त्या गोळ्यांचा जोर रक्तात वाढवते, त्याचा मार थेट किडनीवर. तुझ्या किडनीवर, बाई. आता कॅप्सूल बंद केली, वेगळं औषध दिलंय, आकडा खाली आलाय, चट्टाही सुकून राहिला. तू काळजी करू नको.

तुझा धाकटा,
भावसिंग

ता. क. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी जनावर आहे का? मी न्हाई म्हणालो. सुनिता व्हय म्हणाली. किडनी देताना तू एकच अट घातली व्हतीस, गोठ्यात पाय टाकायचा न्हाई. बाई, मी पाय टाकला न्हाई. कालवडच अंगणात यायची अन् रोज सकाळी माझ्या डाव्या गालाला कपाळ लावून उभी राहायची. पिढ्यान्पिढ्या गुरं राखणाऱ्या आपल्या तांड्यातल्या माणसानं कालवडीला बाजूला हो कसं म्हणावं? तिच्या कपाळावर अगदी तसाच गोल चट्टा आहे. म्हणजे तुझी किडनी निर्दोष. आळ मागं घेतो.

आणखी एक. लिहिलं का म्हणून सुनिता दारात उभी आहे, तर लिहितो. जनावरांचे डॉक्टर कालवडीला औषध देऊन राहिले. ती पुरती बरी झाली, की तिला हट्ट्याला घेऊन जा. विकून टाका म्हणतात सगळे, मला न्हाई जमणार. तुझी एक चीज मी सांभाळून राहिलो, माझी एक तू सांभाळ. तिला हाक मारताना तेवढी रागावू नको. नाव तुझंच ठेवलंय.