दहावर न उडालेला आकडा

महागाव, मंगळवार

प्रिय सौ. अनघास,

सप्रेम नमस्कार. तुझी बस वेळेवर वणीला पोहोचली असेल आणि जावईबापूंना पुरणपोळी मिळाली असेल, असे धरून चालते. तुझा मधुमेह कसा आहे? (पोळी तूही खाल्ली असशील, तेव्हा उत्तर कळवू नकोस.) माझी प्रकृती ठणठणीत आहे. अब्रूचे तेवढे विचारू नकोस.

बाहेरची परीक्षक म्हणून आलेली तू कोऱ्या गुणपत्रकावर सही ठोकून बाराच्या बसने निघालीस. उरले मी आणि शेवटच्या वर्षाची चौदा मुले. प्रयोग आपण दोघींनी कॉलेजात केला तोच: बीकरमध्ये लोहाच्या क्षाराचे द्रावण, त्यात प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड, वरून ब्युरेटमधून डायक्रोमेट सोडत जायचे आणि यंत्रावरचे मिलिव्होल्ट लिहायचे. आकडा रेंगाळत चढतो आणि सगळे लोह संपले की एका थेंबासरशी टुणकन वर उडतो. तो थेंब म्हणजे उत्तर. (आपल्या वेळी यंत्राला काटा होता, आता आकडे दिसतात. मुले तेव्हाही खिडकीबाहेर बघत, आताही बघतात.)

तेरा जणांचा आकडा बरोबर दहा मिलिलिटरला उडाला. माझी शिकवणी फळली म्हणून मी सढळ हाताने गुण वाटले. शामचा आलेख इतका देखणा की वीसपैकी एकोणीस दिले. त्याच्या यंत्राची पिन प्लगात नव्हतीच, हे प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या पुष्पाबाईंनी मला नंतर सांगितले. चौदावी राखी. तिचा आकडा आठ पूर्णांक चारला. मी तिला चार गुण दिले आणि वर प्रामाणिक कष्टांवर दहा मिनिटे बोलले. बाई जागची हलेना.

"मॅडम, तीनदा केलं मी. जेथ उडला तेथंच लिहिला. आता दहावर नेऊन बसवू काय त्याले?"

मला उलट उत्तरे खपत नाहीत. चारचौघांत तिला धडा शिकवावा म्हणून मी पदर खोचला आणि स्वतः ब्युरेट भरली. आठ पूर्णांक चार. पुन्हा केले. आठ पूर्णांक चार. तिसऱ्यांदा ब्युरेट भरायला घेतली तेव्हा पुष्पाबाई म्हणाल्या, "राहू द्या मॅडम, यंत्रबी कटाळलं."

मग उलगडा झाला. इथे दरसाल उत्तर दहाच येते. जुनी मुले जर्नल मागे ठेवून जातात. नवी मुले आधी आलेख काढतात, मग आकडे लिहितात, वेळ उरलाच तर प्रयोग करतात. (त्या सगळ्या जर्नलांवर तपासल्याची सही माझीच आहे.) यंदा परीक्षा तीन दिवस पुढे गेली, द्रावण करताना लोहाला हवेपासून जपणारे सल्फ्युरिक आम्ल घालायचे राहिले होते, आणि एप्रिलच्या उकाड्यात हवेने आपल्या आधीच थोडे लोह संपवले. द्रावण पिवळट दिसत होते, तरी एकाच मुलीने ते खरोखर मोजले. आम्ल विसरणे ही पुष्पाबाईंची हलगर्जी. त्यांना मी चांगलेच फैलावर घेतले.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझी,
मंजुषा

ता. क. पत्राचे खरे कारण राहिलेच. आमच्या कार्यालयातल्या शंकरसिंग बाबूंची तत्परता वर्षातून एकदा दिसते, ती आज दिसली: गुण संगणकात भरून कुलूपबंद. आता बदलायला दोन्ही परीक्षकांच्या सह्या लागतात. राखी नापास राहिली तर तुमच्या वणीकडच्या एका प्रयोगशाळेत तिला मिळालेली नोकरी जाते. तिथे निकाल महिनाअखेर दाखवायचा आहे. सोबतच्या अर्जावर सही करून उलट टपाली पाठव. या वेळी वाचून सही कर.

ता. क. २. अर्जात कारणापुढे 'परीक्षकाची चूक' असे लिहिले आहे. कोणत्या परीक्षकाची ते लिहायला जागा नव्हती.

ता. क. ३. द्रावणाची बाटली आता पाहिली. चिठ्ठीवर अक्षर माझे आहे. पुष्पाबाईंनी तेव्हा विचारलेही होते, "मॅडम, ॲसिड राह्यलं काय?" मी म्हणाले होते, मला शिकवू नका. उद्या त्यांच्याकडे जाऊन माफी मागणार आहे. हे कोणाला सांगू नकोस.

ता. क. ४. बाकीच्या तेरा जणांची फेरपरीक्षा घ्यावी, असेही त्याच अर्जात लिहिले आहे. द्रावण राखी करील. उत्तर तिने मलाही सांगायचे नाही, असे ठरले आहे.