धाकटीवर रॅगिंगचा आरोप

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच धरून चाल. खरा घातला तर मला उठवायला दोघीजणी लागतील.)

तुझी कंबर कशी आहे? वहिनी सांगत होती, तू अजून सकाळी अंगणात एकटाच कवायत करतोस आणि शिट्टीही स्वतःच वाजवतोस. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुझी शिट्टी सुटत नाही, तिथे माझ्यावरचा राग कुठून सुटणार? हे गेल्यावर, लेकीचं लग्न झाल्यावर, मी वकिलीच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा तू म्हणालास, "पोरासोरांत हसं करून घेशील," आणि त्या दिवसापासून माझा फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. ते वहिनी उघडेल, मोठ्याने वाचेल, आणि तू वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ऐकशील. (मधूनमधून पान उलटत जा, नाहीतर तिला कळतं.) तर पहिली बातमी तुझ्या मनासारखी आहे. हसं झालं.

सुरुवात फाटकापासूनच झाली. वसतिगृहाच्या रखवालदाराने मला अदबीने पालकांच्या बाकावर बसवलं, पंखा लावला आणि विचारलं, मुलगी कितव्या वर्षाला? म्हटलं, मीच पहिल्या वर्षाला. त्याने पंखा बंद केला. पुढे कार्यालयात कारकुनाने रॅगिंग करणार नाही असं माझ्याकडून लिहून घेतलं आणि खाली पालकाचं नाव टाका म्हणाला. मी म्हटलं, अरे बाबा, माझी लेक तुझ्या वयाची असेल. तो म्हणाला, नियम म्हणजे नियम, सही नंतर आणलीत तरी चालेल. टाकलं एक नाव. कुणाचं ते पुढे सांगेन, आठवलं तर.

माझ्या खोलीत एक मुलगी आहे. तिला मी पिपाणी म्हणते, कारण तिचा आवाज अजिबात ऐकू येत नाही. 'दार लावा' एवढं सांगायलाही ती जवळ येऊन कानात बोलते. हुशार इतकी की कलमं तोंडपाठ. पण आल्यापासून तिची बॅग भरलेलीच होती. कारण विचारलं तर नुसतं नाक ओढायची. एका सकाळी म्हणाली, काकू, आज जेवणानंतर ओळख कार्यक्रम आहे, तो झाला की मी घरी जाणार, कायमची.

आता हा ओळख कार्यक्रम म्हणजे काय ते ऐक. दुसरीकडची मुलं रॅगिंग करतात ती अडाण्यासारखी. आमची मुलं वकिलीची, त्यांना कायदा पाठ. ती प्रत्येक हुकमाआधी म्हणतात, 'आपली हरकत नसेल तर'. आपली हरकत नसेल तर टेबलावर उभ्या राहा. आपली हरकत नसेल तर झाडूची बाजू बादलीविरुद्ध मांडा, मोठ्याने. आणि भिंतीवर, बरोब्बर त्या टेबलाच्या वर, रॅगिंग हा गुन्हा आहे असा हा भलामोठा फलक! मी मुलामुलींच्या सामाईक भोजनगृहात शिरले तशी सगळी वरच्या वर्गातली मंडळी ताडकन उभी राहिली. त्यांना वाटलं रॅगिंगविरोधी समितीच्या बाई आल्या. त्यांचा म्होरक्या, ज्याला सगळे सरन्यायाधीश म्हणतात (उंच, हनुवटीवर मोजून मापून ठेवलेली दाढी), तो घाईने म्हणाला, मॅडम, आम्ही टेबल पुसत होतो. मी म्हटलं, मीही पहिल्याच वर्षाची, घ्या माझी ओळख. तर मला म्हणे, काकू, तुम्ही खोलीत जाऊन आराम करा. दादा, मला आयुष्यात कोणी इतकं लागेलसं बोललं नव्हतं.

मग त्यांनी पिपाणीला टेबलावर चढवलं. ती झाडूबद्दल काहीतरी पुटपुटली. 'ऐकू येत नाही' असा एकच गिल्ला झाला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि माझं डोकं फिरलं. मी खुर्चीवर पाय ठेवला, दोघींनी ढकललं आणि पोहोचले वर. (टेबल करकरलं, पण टिकलं.) म्हटलं, आता तुमची ओळख. मग मी सुरू झाले. बाळ, कोणाचा तू? बटण लोंबतंय ते दिसत नाही? हल्ली जेवतोस का नीट? आईला शेवटचा फोन कधी केलास? सरन्यायाधीश बटण चाचपू लागला. मी म्हटलं, तुझी हरकत नसेल तर आत्ता लाव, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

त्याने लावला, बिचाऱ्याने. पलीकडून त्याची आई धास्तावून म्हणाली, "काय झालं रे गुंडू? बरं नाही का तुला? तू आपण होऊन फोन केलास!" 'गुंडू' म्हटल्याबरोबर सगळं भोजनगृह कोसळलं. तो मात्र भिंतीकडे तोंड करून, बरा आहे गं, बरा आहे गं, एवढंच म्हणत राहिला. पिपाणीला हसले म्हणून मी वर चढले, आणि आता माझ्यामुळे त्याला हसत होते. शिवाय त्या पोराला फोन लावायला लावताना माझ्या मनात कोणाचा नंबर होता, ते तुला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी त्याने तक्रार दिली. चारचौघांत अपमान, मानसिक त्रास. मी पुस्तक उघडून पाहिलं, तर सगळं माझ्यावर चपखल बसतं. कायदा वय विचारत नाही. आमच्या कॉलेजात रॅगिंगची लेखी तक्रार ही पहिलीच, आणि ती तुझ्या बहिणीवर. प्राचार्य मला आधी 'आपण' म्हणाले, मग 'तुम्ही', आणि शेवटी नुसतेच कपाळ चोळत बसले. रेक्टरबाई म्हणाल्या, वसतिगृहातून काढावंसुद्धा लागेल.

असो. तसं काही काम नाही, सहज लिहिलं. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. काम आहे. समितीपुढे येत्या सोमवारी पालकाला घेऊन जायचं आहे, आणि मी पालक म्हणून तुझं नाव लिहिलंय. कारकुनाने विचारलं, वडील का? मी म्हटलं, बरेचसे. तू तिथे माझ्यावर ओरडलास तरी चालेल.

ता. क. शिट्टी आणू नकोस. वहिनीला आण.

ता. क. पत्र पाकिटात घालतच होते, तेवढ्यात गुंडू फाटकाशी आला. तक्रार मागे घेतली म्हणाला. आई आता रोज फोन करते आणि 'त्या बाई बऱ्या आहेत ना' असं विचारते म्हणे. मी त्याची माफी मागितली, मग तो पिपाणीची मागायला गेला, आणि जाताना माझ्याकडून बटण लावून घेतलं. पिपाणी खट्टू झाली आहे, कारण सोमवारी माझी बाजू तीच मांडणार होती आणि त्यासाठी न्हाणीघरात ओरडून सराव करत होती. (ऐकू आलं! मजल्यावरच्या मुली तक्रार करत आल्या.) तिची बॅग रिकामी होऊन कपाटावर गेली आहे. तेव्हा समिती नाही आणि पालकाची गरजही उरलेली नाही. सही राहिली आहे, पण ती पोस्टानेही चालेल.

तरी ये. पहिलीत मला सोडायला तूच आला होतास. मी रडू नये म्हणून खिडकीबाहेर उभा राहून वेडीवाकडी तोंडं करत होतास, आणि त्यापायी स्वतःच्या वर्गात उशिरा जाऊन मार खाल्लास. इथे वर्गात मी शेवटच्या बाकावर बसते, पोरांना फळा दिसावा म्हणून. तुला आत यायचं नसेल तर नको येऊस. माझ्या बाकाशेजारी खिडकी आहे.