डाव्या चाकाचा गेरू

मिस्त्री, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि मी आज लिहायला बसलोय. तेही तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं हे ठाऊक असून.

लढाई नुकतीच संपलेली. फौजेतून सुटून मी कराडला तुमच्या गॅरेजात चिकटलो, तो चांगलाच ताठ्यात. तीन वर्षं ट्रक हाकलेले, मला कोण शिकवणार! पाटणच्या वर, पठारावरच्या वस्त्यांवर बाळंतपणाला जाणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा लष्कराच्या लिलावातली जीप घेतली होती. घाटातल्या दगडांवर तिचं पोट घासायचं. मी म्हणालो, लष्करी ट्रकची मोठी टायरं चढवू, गाडी दोन बोटं उंच होईल. तुम्ही विडी विझवलीत. "चाक वाढलं म्हून इंजनाची ताकद वाढती व्हय रं? म्हाताऱ्याला लांब ढांगा टाकाय लावल्यागत हुतंय. त्यात वर हवा पातळ. चढाला पयल्यापासनं लहान गिअर धर." इतकं सोपं करून फौजेतल्या एकाही साहेबानं सांगितलं नव्हतं. मग टायरं आपण दोघांनी मिळून चढवली.

तुमची रीत मी पुढं कुठंच बघितली नाही. मडगार्डाला आतून ओला गेरू फासायचा, पेठेतून गुळाच्या ढेपा आणून गाडी भरायची आणि स्टेअरिंग दोन्हीकडं पार शेवटपर्यंत वळवायचं. टायरला लाल डाग लागला की तिथला पत्रा ठोकून मागं घ्यायचा. मी हसलो तर केवढे डाफरलात! "रिकामी गाडी खोटं बोलती. भरल्याबिगर इस्वास ठिवू नगंस." आणि ज्यानं चाक बसवलं, त्यानं पहिल्या खेपेला गाडीत बसायचं, हा तुमचा दंडक. उजवी बाजू मी नीट केली. डावीकडं येईतो ऊन डोक्यावर आलं, पोटात कावळे ओरडायला लागले. "डावी बगितलीस?" तुम्ही आतून विचारलंत. "व्हय, बगितली." गेरूत मी बोटसुद्धा बुडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आपण घाटात. वरच्या वस्तीवर एक पहिलटकरीण अडलेली. मी चालवतोय, बाई शेजारी, तुम्ही मागं औषधांच्या पेट्यांवर. एका डाव्या वळणावर चाक खड्ड्यात बसतं, टायर पत्र्यात अडकतं आणि स्टेअरिंग काही केल्या परत फिरत नाही. डाव्या हाताला दरी. गाडी थांबली तेव्हा चाक कडेपासून हातभर होतं. तुम्ही उडी टाकून चाकाखाली धोंडा सारलात, मडगार्डाखाली डोकं घातलंत. तिथं गेरूचा ठिपका नव्हता. तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत.

"कुणाची चूक ही, मिस्त्री?" बाईंनी विचारलं.

"माजी, बाईसाब. म्हातारी नजर, चुकली. घटकाभरात निघू आपण."

पत्रा ठोकलात, आपण पोचलो, बाळबाळंतीण सुखरूप राहिली. उतरताना मला एवढंच म्हणालात, "गेरू लय सस्ता असतोय, गड्या." पुढं पेठेत बोभाटा झाला की मिस्त्रीची नजर गेली. चार गिऱ्हाइकं तुटली. तुम्ही ब्र काढला नाहीत. मीही नाही. कसला माणूस होतात हो तुम्ही! मी तुमच्या जागी असतो तर त्याच वळणावर कानाखाली आवाज काढला असता.

आता सांगलीत माझं गॅरेज आहे. गेरूचा डबा आहे, आणि मी दोन्हीकडं फासतो. काल एका कामगारानं न बघताच 'बघितली' म्हटलं, तसा मी भडकलो. सगळ्यांना गोळा करून नेहमीचीच गोष्ट सांगितली: "आमचे मिस्त्री एवढे कसबी, पण त्यांचीसुद्धा एकदा नजर चुकली होती." सगळे हसले. तुमचा नातू त्याची गाडी घेऊन आला होता, तोही हसला.

हे पत्र त्याच्या हातात द्यायचं म्हणून सकाळी लिहिलं; हे शेवटचं आता रात्री जोडतोय. आज तो गाडी घेऊन गेला, आणि पत्र माझ्या खिशातच राहिलं.