डॉक्टरांची कोरडी छत्री

मास्तर, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि हे लिहायला मी आज बसलो आहे. धुळ्याच्या शाळेत शनिवारच्या शेवटच्या तासाला तुम्ही आम्हाला ती गुप्तहेराची कादंबरी वाचून दाखवायचात. शेवटच्या प्रकरणाआधी तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "आता सांगा, खून कुणी केला?" मी उभा राहून मोलकरणीचं नाव घेतलं. "का?" "ती गरीब आहे, मास्तर." तुम्ही ओरडला नाहीत, पण आवाज बदलला. "गरीब असणं हा पुरावा होत नाही. बस खाली." मग चौथ्या पानावरची ओळ पुन्हा वाचलीत. भर पावसातून आलेल्या डॉक्टरांची छत्री कोरडी होती. लेखकाने काहीच लपवलं नव्हतं, तरी आमच्यापैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. गोष्ट रचावी तर अशी, हे मला त्या तासाला कळलं.

पुढे मी बोलपटांच्या कंपनीत लेखक झालो आणि पहिली संधी मिळताच तीच कादंबरी मालकांपुढे ठेवली. चित्रपट जळगावला लागला तेव्हा मी तिथे आलो होतो. दुपारचा खेळ सुटतो आणि दारात तुम्ही उभे आहात. चाळीसगावला गाडी बदलून आलात, सोबत तुमच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या अक्का. आपल्या विद्यार्थ्याचं काम दाखवायला तुम्ही त्यांना मुद्दाम आणलंत. चित्रपटात खून मोलकरणीने केलेला आहे. अक्का तुमच्याकडे बघून म्हणतात, "मास्तर, तुम्ही तं सांगं व्हतं, ती बाई भली शे." तुम्ही माझ्याकडे वळता. "पुस्तकात डॉक्टर होता ना रे?" "मालकांनी बदलायला लावलं," मी म्हणतो. तुम्ही नुसती मान हलवता. "चला अक्का, गाडीची वेळ झाली." घोटभर पाणी तरी घ्या, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. मी धुळ्याला आलो नाही. त्या कथेवर नंतर आणखी दोन चित्रपट निघाले आणि दोन्हींनीही शेवट माझाच उचलला. पुस्तक आता कुठे मिळत नाही. लोकांना ठाऊक आहे ती खुनी मोलकरीणच.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? खणातच राहील. पण एक सांगतो. मालक एवढंच म्हणाले होते, "डॉक्टर नको, बडी मंडळी नाराज होतील. दुसरं कुणीतरी बघा." कथेत वकील होता, पुतण्या होता. मोलकरणीचं नाव मीच सुचवलं. त्यासाठी मला फारसा विचारही करावा लागला नाही.