ताईच्या झुडपांची हजामत

ती. भाऊजींस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमची कंबर, ताईचा नवा गुडघा आणि भाच्याच्या घरातला जिना या तिघांचं एकमेकांशी जुळलं असेल, अशी आशा करतो. मी ठीक. (म्हणजे पत्र लिहायला बसेपर्यंत ठीक होतो.)

निघताना तुम्ही घर माझ्या हवाली केलंत आणि ताईने खिडकीखालची झुडपं. ती बुटकी, बारा महिने हिरवी, वसंतात गुलाबी फुलांनी भरून जाणारी पाच झुडपं तिला माझ्याहून जवळची आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही. मी कधी फुललेलो नाही. पाण्यापलीकडे काही करू नकोस, असं तिने बजावलं होतं. पण भाऊजी, उभा जन्म लोकांची डोकी भादरण्यात गेलेल्या माणसाला कानावर आलेले केस बघवत नाहीत, मग ते झाडाचे का असेनात. त्यात थंडी संपत आलेली, दुकानात गिऱ्हाईक नाही आणि झुडपांच्या झिपऱ्या वाऱ्यावर उडताहेत. ताई खूश होईल म्हणून कात्री-कंगवा घेऊन (हो, कंगवाही) खाली बसलो. पाचही झुडपं अशी गोल उतरवली, की पाठीमागून आरसा धरायचाच काय तो राहिला.

तेवढ्यात शेजारच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, "अहो, हे काय करून बसलात! यांच्या कळ्या थंडीआधीच धरतात. सगळ्या छाटल्यात की!" मी म्हटलं, "येतील परत महिन्याभरात." (माझ्या धंद्यात सगळंच महिन्याभरात परत येतं.) "पुढच्या वर्षी येतील," म्हणाल्या आणि कपाळाला हात लावून आत गेल्या.

आता गल्लीभर फुलं आहेत आणि आपल्या खिडकीखाली नुकतेच भरती झालेले पाच शिपाई. काल एक मधमाशी आली, पाचांवरून फिरली आणि माझ्याकडे बघून निघून गेली. ताई दवाखान्यात पडल्या पडल्या याच फुलांबद्दल बोलायची. येत्या रविवारी ती त्यांच्याच ओढीने येतेय. फार वाईट वाटतं, भाऊजी.

कळावे, लोभ असावा (असलाच तर).

तुमचा मेहुणा

ता. क. : एक विनंती. "झुडपं जरा नीटनेटकी करून ठेव," असं मला तुम्हीच सांगितलं होतंत, एवढं ताईच्या कानावर घालाल का? तुमच्यावर ती फार दिवस रागावून राहू शकत नाही.

आणखी ता. क. : आज सकाळी बाईंनी ताईला फोन केला, लगेच ताईचा मला आला. तेव्हा वरची गोष्ट तुमच्या वतीने मीच सांगून टाकली आहे. ती फक्त "बरं" म्हणाली. दुकानात दोन बाकं आहेत. एकावर मी झोपेन, दुसरं तुमच्यासाठी पुसून ठेवलंय.